वीज तोडून पाहणे

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. एका मिनिटात एकशे अठरा ठोके. हा आकडा त्याने चौकातल्या सिग्नलच्या खांबाला खांदा टेकवून, उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर ठेवून मोजला. घड्याळ उजव्या हाताला बांधण्याची सवय कारखान्यातली. डावा हात चालत्या यंत्राला लावायचा आणि उजव्या हातावरची वेळ बघायची. पावाची पिशवी दंडावर लटकत होती, समोर पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला होता, आणि नेमके पाऊल उचलायच्या क्षणी छातीत काहीतरी उलटले होते. दुखले नव्हते. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असे धरून पाऊल टाकावे आणि तिथे ती नसावी, तसे झाले होते. फरक इतकाच की पाऊल थांबल्यावरही ते पायरी चुकणे आत चालूच राहिले. मागून कुणीतरी म्हणाले, "आजोबा, हिरवा झालाय. आणखी कुठला रंग पाहिजे तुम्हाला?" दोघेतिघे हसले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले. जे उजवीकडून गेले ते त्याला दिसले नाहीत. ती बाजू चार महिन्यांपासून बंद होती. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. त्याने पुन्हा मोजले : सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा मोजले : एकशे सव्वीस. तेव्हा मात्र त्याच्या तळहातांना घाम फुटला.

वेगाची त्याला भीती नव्हती. सबंध नोकरी त्याने वेगाशी संसार केला होता. मोठाले पंखे आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो समतोल विभागाचा प्रमुख होता. कुठलेही फिरते चाक त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. चाक फिरवायचे, त्याचा कंप मोजायचा, जड बाजू शोधून तिथला धातू किंचित खरवडायचा, पुन्हा फिरवायचे. हा कंप केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान मापात मोजला जाई आणि त्या मापावरून कामगारांनी त्याचे नाव मायक्रॉनराव पाडले होते. "मायक्रॉनराव आले रे, श्वास हळू घ्या, काटा हलेल," असे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणे आणि ते आपल्याला ऐकू आले नाही असे दाखवण्यात त्याला एक प्रकारचा मान वाटे. त्या विभागात त्याने हजारो चाके ऐकली होती. प्रत्येक बिघाडाला आपली अशी एक चाल असते हे त्याला माहीत होते : दात तुटलेला असेल तर फेऱ्याफेऱ्याला तोच ठोका, बेअरिंग खराब असेल तर एकसारखी खरखर. बिघाड परत येतो. परत येतो म्हणूनच तो सापडतो. पण बोटांखालची ही जी हालचाल होती ती परत येत नव्हती. दोन ठोके घाईने, मग एक रिकामी जागा, मग एक जड ठोका, मग चार ठोके एकमेकांच्या पाठीवर पडलेले, मग पुन्हा रिकामे. तो बराच वेळ तिच्यात आवर्तन शोधत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली असे यंत्र आले होते, की ज्याचा दोष स्वतःशीसुद्धा जुळत नव्हता. आणि ते बंद करण्याचे बटण कुठे असते हे विचारण्याजोगेही नव्हते.

घरी आला तेव्हा बायको शिवणाच्या यंत्रावर वाकून शेजारणीच्या पडद्याला किनार घालत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "अहो, पाव आणायला गेला होतात की गहू पेरायला?"

"सिग्नलला थांबलो होतो."

"एवढा वेळ? सिग्नलशी गप्पा मारत होतात का?" मग तिने मान वर केली. "चेहरा का असा झालाय?"

"कसा?"

"तसा तो गोलच आहे म्हणा आता. लग्नाच्या वेळी असा असता, तर माझी आई म्हणाली असती, खात्यापित्या घरचा दिसतोय. तेव्हा मेली नुसती हाडं होती."

तो हसला, कारण या जागी हसायचे असते. चेहरा गोळ्यांनी गोल केला होता. जूनमध्ये कपाळाच्या उजव्या बाजूला, कानशिलापाशी, ठणका लागला होता. केसांवरून कंगवा फिरवला तरी कातडी दुखे, आणि पाव चावताना जबडा एखाद्या दमलेल्या पायासारखा भरून येई. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे त्याने ठरवले आणि चष्मा बदलला. मग एका सकाळी आरशासमोर दाढी करताना, साबण गेल्यामुळे डावा डोळा मिटलेला असता, उजव्या डोळ्यात खालून वर एक करडी फळी सरकत आली. हनुवटी गेली, ओठ गेले, नाक गेले, आणि शेवटी कपाळावरचा साबणाचा फेस तेवढा काही क्षण अधांतरी राहिला. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आली आहे आणि ती डोळ्याचा पुरवठा बंद करते, असे इस्पितळात सांगण्यात आले. उजवा गेला, तो परत येणार नाही. डावा वाचवायचा असेल तर स्टेरॉईड, आणि तेही आजपासून, भरपूर. त्या दिवसापासून बायको रोज सकाळी चहाबरोबर एका बशीत पांढऱ्या गोळ्या मोजून ठेवी. इतक्या कडू, की जिभेवर विरघळायच्या आत त्यांना मागे ढकलावे लागे. ठणका दुसऱ्याच दिवशी थांबला, डावा डोळा टिकला. मोबदल्यात झोप गेली, भूक राक्षसासारखी वाढली, हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, जरा कुठे आपटले की जांभळे डाग पडू लागले. आणि दुपारी चारच्या सुमारास उगाचच एक आनंद होऊ लागला, ज्याचा त्याला फार संताप येई, कारण तो आपला नाही, बाहेरून आलेला आहे, हे त्याला स्वच्छ कळत असे. आपल्या अंगात आता एक भाडेकरू राहतो आणि तो घरमालकापेक्षा जोरात बोलतो, असे तो एकदा बायकोला म्हणाला होता. "भाडं तरी देतोय का बघा," ती म्हणाली होती.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या असत्या, त्याला मुलगी असती तर. खोलीत पांढरा पडदा, एक अरुंद बिछाना आणि भिंतीवर हृदयाचे रंगीत चित्र होते. चित्रातल्या झडपा त्याला ओळखीच्या वाटल्या, पंपात असतात तशाच. छातीला तारा लावून झाल्यावर यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. त्याने ती हातात मागून घेतली आणि एकुलत्या डोळ्याजवळ नेऊन, टोकांमधले अंतर अंगठ्याच्या नखाने मापत, शेवटपर्यंत बघितली. कुठलीही दोन अंतरे सारखी नव्हती.

"काका, हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी ताल सोडलाय," बाई म्हणाल्या. "ते नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. म्हणून नाडी अशी वेडीवाकडी लागते."

"कशामुळे?"

"वयामुळे होतं. तुम्ही घेताय त्या स्टेरॉईडमुळेही होऊ शकतं. मोठ्या डोसवर असलेल्यांमध्ये जास्त दिसतं. मुळातल्या सुजेमुळेही होतं."

"या तिघांतलं नेमकं कुठलं?"

"ते सांगता येत नाही."

"अंदाजे? किती टक्के हे, किती टक्के ते?"

बाई हसल्या, हिणवून नव्हे, दमलेल्या माणसाचे हसणे होते ते. "काका, तुम्ही इंजिनियर होता का?"

"तंत्रनिकेतनातला पदविकाधारक."

"तरीच. हे बघा, ठोके नुसते वेडेवाकडे पडतात याची मला तेवढी काळजी नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर झटका येतो. म्हणून दोन गोळ्या लिहून देते, एक रक्त पातळ राहायला, एक वेग आवरायला. स्टेरॉईड तुमचे डोळ्यांचे डॉक्टर हळूहळू उतरवतील, महिनोन्महिने. आपल्या मनाने काहीही बंद करायचं नाही. ती गोळी तर मुळीच नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं थांबलेलं असतं. एकदम बंद केली तर ते तोंडघशी पडतं. आणि डोळा आहेच. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. शब्दन् शब्द कळला होता. तरी जिना उतरताना त्याच्या कानात एकच वाक्य राहिले : ते सांगता येत नाही. कारखान्यात हे वाक्य उच्चारायची कुणाची हिंमत नसे. सांगता येत नाही म्हणजे अजून मोजलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असे.

आणि दुसरा शब्द होता झटका. तो शब्द घरात दादा घेऊन आला होता. थोरला भाऊ; उंच, बडबड्या, भांडायला लागला की शेजारचे दार उघडून ऐकत उभे राहावेत असा. एके दिवशी बुटाची नाडी बांधता बांधता तो तिरका झाला, आणि त्यानंतर चार वर्षे खिडकीलगतच्या खाटेवर होता. अर्धे अंग गेले होते आणि भाषेतला एकच शब्द उरला होता : "बरोबर." पाणी हवे असले तरी बरोबर, नको असले तरी बरोबर. अंथरूण ओले झाले म्हणून रडतानाही, डोळ्यांतून पाणी गळत असता, तोंडातून बरोबर, बरोबर. तो दर रविवारी दादाकडे जाई आणि त्याच्या मनात लवकर निघायचे निमित्त आधीच तयार असे. दादाच्या डोळ्यांत सगळे शाबूत होते. आत पूर्ण माणूस बसलेला आणि बाहेर यायला एवढी एकच खिडकी, तीही चुकीच्या भिंतीत. आता चौकात उभा असताना, दुकानात पिशवी पुढे करताना, मनगटावर बोटे गेली की त्याला तो शब्द ऐकू येई. आतला ताल चुकत चुकत जणू तेच म्हणत होता. आंधळा होणे एका बाजूला, दादा होणे दुसऱ्या बाजूला. एक गोळी डोळा राखत होती आणि तीच कदाचित त्याला त्या खाटेकडे ढकलत होती. कदाचित. हा शब्द त्याला सगळ्यात असह्य होता.

चाचणीचा विचार त्याच्या मनात कधी आला हे नेमके सांगणे अवघड आहे. बहुधा तो आलाच नाही, तिथे होताच. तंत्रनिकेतनात त्यांना एक मास्तर होते, खडूने माखलेल्या बोटांनी कान खाजवायची सवय असलेले, म्हणून त्यांचा एक कान नेहमी पांढरा असे. ते म्हणत, विजेवर चालणारे यंत्र थरथरायला लागले तर डोके नंतर चालवा, आधी वीज तोडा. वीज तोडल्याबरोबर, चाक अजून वेगात फिरत असतानाच, थरथर त्या क्षणी नाहीशी झाली, तर दोष विजेचा, यंत्र निर्दोष. आणि वेग उतरेल तशीतशी थरथर हळूहळू उतरत गेली, तर दोष यंत्राच्या स्वतःच्या अंगात आहे. मग ते खोला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला; दोन बदलल्यात तर काय कळले ते देवालाही कळणार नाही. सबंध नोकरीभर त्याने हे केले होते. हात कंप पावणाऱ्या धडावर ठेवायचा, खूण करायची, कुणीतरी खटका ओढी, आणि मग तो एक क्षण येई : गुणगुण तुटलेली, चाक आपल्याच वेगाच्या आठवणीवर फिरत असलेले, आणि तळहाताखाली उत्तर. दोष आपला की पुरवठ्याचा. त्या क्षणाइतके स्वच्छ असे जगात त्याला दुसरे काही भेटले नव्हते. लग्नातही नाही, दुःखातही नाही. आणि त्याला आता तेच हवे होते. बरे व्हायचे होते असे नव्हे. अडुसष्ट वर्षे चाललेले हे यंत्र मुळात झिजले आहे, की बाहेरून सोडलेल्या कडू पांढऱ्या प्रवाहाने त्याला थरथरवले आहे, एवढे त्याला कळायला हवे होते. दोष आपला नाही असे निघाले असते तर तो दुसरे काहीही सोसायला तयार होता.

म्हणून त्याने नव्या दोन गोळ्या आणल्या पण सुरू केल्या नाहीत, कारण मग एका वेळी तीन बदल झाले असते. आणि बशीतल्या गोळ्या तो बायको दूध आवरायला आत वळली की मुठीत घेई आणि हात धुताना पाण्याबरोबर सोडून देई. रिकामी बशी ती उचलून नेई. आठवडाभरच, त्याने स्वतःला बजावले; मग सगळे काही सुरू, डॉक्टरीणबाई सांगतील तसे. शरीर स्वतःचे बनवायचे थांबलेले असते, हे त्याला आठवत होते. पण फिरते चाक वीज तोडल्याबरोबर थांबत नाही, काही काळ आपल्या बळावर फिरते, हेही त्याला माहीत होते. तेवढ्या काळात वाचन, म्हणजे मापाचा आकडा, घ्यायचे. अंगात निदान एवढा तरी वेग साठलेला असेल. या हिशेबातली चूक त्याला दिसली नाही. ती त्यालाच दिसायला हवी होती : साठलेला वेग जड चाकात असतो, आतून पोकळ झालेल्यात नाही.

दुसऱ्या दिवशी काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना अंगातला एकेक सांधा वेगवेगळा उठला. दुपारचा तो उसना आनंद आला नाही, आणि त्याच्या जागी जे आले ते इतके जुने आणि ओळखीचे होते, की त्याला जवळजवळ बरे वाटले. हे दुःख तरी निदान आपले होते. अन्नाचा वास नकोसा झाला. खुर्चीवरून उठले की खोली एका बाजूला कलंडे आणि मग जागेवर येई.

"आज राक्षस उपाशी कसा?" बायकोने विचारले. ताट तसेच होते.

"पोट भरलंय."

"कशानं? मी तर काही वाढलं नाही." ती जवळ आली आणि तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिच्या बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेले घट्टे होते. "गार पडलायत. डॉक्टरांना फोन करू का?"

"ऋतू बदलतोय. तू उगीच डोंगर करू नकोस."

"मी कशाला करू, तुम्हीच आहात की समोर डोंगरासारखे," ती म्हणाली. पण हात लगेच काढला नाही. तेव्हा सांगावे असे त्याच्या ओठांवर आले. आले आणि गेले. चाचणी चालू असताना यंत्राजवळ बोलायचे नसते.

आणि चौथ्या दिवशी सकाळी, मोरीत तोंड धुऊन झाल्यावर, त्याने मनगटावर बोटे ठेवली आणि तो तसाच ओणवा राहिला. ठोका. ठोका. ठोका. मधल्या जागा सारख्या. त्याला वाटले आपण त्या मनाने भरत आहोत. त्याने डोळा मिटला. ठोका, ठोका, ठोका, एखाद्या माणसाने कुठेही न बघता रस्त्याच्या कडेने चालत जावे तसे. त्याने मोजले : शहात्तर. पुन्हा : शहात्तर. तिसऱ्यांदा : शहात्तर. वाचने जुळली होती. वीज तोडली आणि थरथर नाहीशी झाली. दोष पुरवठ्याचा, यंत्र निर्दोष. मोरीच्या ओल्या फरशीवर, धोतराच्या सोग्याने तोंड पुसत, तो रडला. आवाज न करता, कारण हे रडणेही एका अर्थी खाजगी वाचन होते. किती दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. दादा नाही, ती खाट नाही, आत जे काही आहे ते अजून गोल फिरते आहे. बाहेर आला तेव्हा बायको म्हणाली, "लॉटरी लागली की काय?"

"माल चांगला निघाला," तो म्हणाला.

"कुठला माल?"

"जुनाच. तुझ्या आईने पसंत केलेला."

ती हसली, आणि तिला हसवल्याचा त्याला इतका आनंद झाला की त्या क्षणी त्याने बशी मागायला हवी होती. उत्तर मिळाले होते. वीज पुन्हा जोडायची वेळ झाली होती. पण एकदा मिळालेले उत्तर हे उत्तर नसते. कारखान्यात तो कुठल्याही चाकाला पहिल्या चांगल्या वाचनावर सोडत नसे. दुसरी पाळी येई, यंत्र थंड होऊन पुन्हा तापे, आणि तेच वाचन तीनदा आले तर तो सही करी. म्हणून आणखी दोन दिवस. त्याच संध्याकाळी पाव चावताना डाव्या जबड्यात एक थकवा आला आणि गेला. तो त्याने ओळखला नाही असे नव्हे. ओळखला, आणि अशक्तपणाच्या खाती टाकला.

सहाव्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून शिवणाच्या यंत्रावर आले होते. बायको सुईत दोरा ओवत होती आणि तो जाईना. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "द्या ओवून," ती म्हणाली. "या घरात डोळे तीन, त्यातला कामाचा एकच, आणि तोही तुमच्याकडे." त्याने सुई उजेडात धरली. नेढे दिसले, त्यातून खिडकीचा एक पांढरा ठिपका दिसला. दोरा जवळ नेला. मग त्याच्या बोटांच्या खालून काहीतरी करडे वर चढू लागले. आधी यंत्राचा लाकडी तक्ता गेला, मग त्याचे मनगट, मग बोटे. सुईचे टोक तेवढे उन्हात चमकत राहिले. त्याला ताबडतोब कळले. घाबरायलासुद्धा वेळ लागतो, तो मिळाला नाही. सुई होती तिथेच धरून तो अगदी स्थिर बसला, कारण न हलल्यास ती फळी कदाचित तिथेच थांबेल. श्वास हळू घेतला. छातीत ठोके पडत होते, एकसारखे, निर्मळ, कुठल्याही कारखान्याने सही करावी असे.

"अहो, ओवली का?"

"थांब जरा."

"नेढ्याला डोळा लावून बसलायत नुसते. गेला का दोरा आत?"

सुईचे टोक गेले. खिडकी गेली. ऊन गालावर तसेच गरम होते. "तू कुठे आहेस?" त्याने विचारले, आणि त्या प्रश्नाने तिच्या हातातली कात्री खाली पडल्याचा आवाज त्याला आला.

इस्पितळात त्याला लगेच आत घेतले. सुई टोचली गेली, आणि ज्या प्रवाहापासून त्याने स्वतःला तोडून घेतले होते तोच शिरेतून, गार, थेट, आत सोडण्यात आला. तासाभराने चेहऱ्यात उष्णता चढली, आणि खोटा, परका तो आनंद काळोखात चाचपडत त्याच्याकडे आला. त्याला किळस आली. पायांपाशी डोळ्यांचे डॉक्टर बोलत होते, आवाजावरून पोक्त. "गोळ्या नीट चालू होत्या ना?"

"म्हणजे काय," बायकोचा आवाज ताठ झाला. "मी माझ्या हातानं देते. एक दिवस चुकला असेल तर सांगा."

तिला तसेच समजू द्यावे, आयुष्यभर, असे त्याला वाटले. तेवढेच एक त्याच्या हातात होते. पण डॉक्टर म्हणत होते की नेमके सांगा, त्यावर पुढचा डोस ठरेल. आणि चुकीच्या माहितीवर कुणी यंत्र चालवावे हे त्याच्याने होईना. "चुकला," तो म्हणाला. "सहा दिवस. मी पाण्यात सोडत होतो."

ती कुठल्या बाजूला उभी होती हे त्याला ठाऊक नव्हते. तिच्याकडून काहीही आले नाही. ना शब्द, ना हुंदका. रागाचे तोंड दिसले असते तर त्याला धरायला काहीतरी मिळाले असते. कितीतरी वेळाने कपड्याची सळसळ झाली आणि खुर्ची सरकली, पण जवळ की लांब, ते कळले नाही.

संध्याकाळी हृदयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्याने त्यांना सगळे समजावून सांगितले, क्रमाने, न अडखळता : वीज, थरथर, एका वेळी एकच बदल, चौथ्या दिवशीची तीन वाचने. हे सांगताना त्याच्या आवाजात, त्याची इच्छा नसताही, कामाचा जुना नेटकेपणा आला. "म्हणजे दोष गोळीचा होता," तो म्हणाला. "एवढं तरी सिद्ध झालं."

बाई खाटेच्या कडेवर टेकल्या. "काका, खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"तुमचे ठोके ज्या प्रकारचे आहेत ते कधी येतात, कधी आपोआप जातात. तासाने, चार दिवसांनी. गोळी चालू असली तरी जातात. यातून काहीच सिद्ध होत नाही. तुम्हाला वीज एकदाच तोडता आली. माणसाच्या बाबतीत तेवढ्यानं काही कळत नाही."

"पण तीन वाचनं जुळली."

"हो. जुळली."

बाईंनी त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. थंड, कोरडी, सरावाची बोटे. त्या काय मोजत आहेत हे त्याने विचारले नाही. आत काय चालले आहे ते त्यालाही कळत होते, पण ते सरळ की वाकडे यात आता त्याला रस उरला नव्हता. पूर्वी चाक थांबल्यावर विभागात जी शांतता पडे, तिच्यात निदान दुसऱ्या चाकाची वाट बघणे असे. ही शांतता कशाचीच वाट बघत नव्हती. तो आडवा होता आणि आपल्याला दादाची खाट मिळाली नाही, दुसरी मिळाली, इतकेच त्याला वाटत होते. शब्द मात्र सगळे शाबूत होते; आता ते कुणाशी बोलायचे, हा प्रश्न खुर्ची कुठे सरकली यावर अवलंबून होता.

तीन दिवस तो प्रवाह चालू ठेवण्यात आला. चौथ्या दिवशी त्याला चाकाच्या खुर्चीतून डोळ्यांच्या खोलीत नेले. हनुवटी एका गार पट्टीवर टेकवायला सांगितली, कपाळ दुसऱ्या पट्टीला. खोली लहान असावी; डॉक्टरांचा श्वास जवळून येत होता आणि त्याला पेपरमिंटचा वास होता. "मी दिवा कधी लावीन, कधी लावणार नाही," ते म्हणाले. "उजेड वाटला की 'हो' म्हणा. घाई नाही." टिक असा एक बारीक आवाज होई, मग थांबणे, मग पुन्हा टिक. आवाजावरून उत्तर देता आले असते. तेवढी हुशारी त्याच्यात होती, आणि मागे दाराशी बायको उभी आहे हे त्याला तिच्या खाकरण्यावरून कळले होते. तिच्यासाठी एकदा तरी 'हो' म्हणावे असे त्याच्या मनात येऊन गेले. तो गप्प राहिला. टिक. थांबणे. टिक. मग डॉक्टरांनी खुर्ची मागे ओढली आणि आपल्या साहाय्यकाला उतरवून घ्यायला सांगितले. आणि साहाय्यक, जसा काही दुकानातला माल मोजतो आहे अशा सपाट आवाजात, लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला :

"उजवा, शून्य. डावा, शून्य."